चाळीस टक्के आजारी

इस्लापूरच्या रस्त्यावर चहाची एक टपरी आहे. परवा तिथे उभा होतो तेव्हा मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज होता, खात्यात 2500 रुपये जमा. शेजारी माझा शाळेतला मित्र होता. त्याने वाकून मेसेज वाचला आणि हसत म्हणाला, "मजा हाय बाबा तुझी. काम ना धाम, घरबसल्या पगार. आम्हालाबी काढून दे की एखादं सर्टिफिकेट."

तो वाईट माणूस नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये मी चाकणहून परत आलो तेव्हा पहाटे ट्रॅव्हल्समधून मला उतरवून घ्यायला बाबांबरोबर तोच आला होता. मी ज्यांच्याशी बोलत होतो ते त्याला दिसत नव्हते, तरी काही न विचारता त्याने माझी बॅग उचलली आणि मोटारसायकलवर मला मधे बसवून घरी आणलं. इतकं सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या तोंडीही 'मजा' हा शब्द आला. मी काही बोललो नाही. चहा संपवला, घरी आलो आणि हा लेख लिहायला घेतला.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. मानसिक आजारामुळे काम करता येत नसेल, तर सरकारकडून मिळणारा पैसा हा हक्क आहे. तो मागताना मान खाली घालायचं कारण नाही. आणि आज आपल्याकडे हा हक्क मिळवण्याची जी रीत आहे, ती ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच सगळ्यात आधी गाळते. हे मी रागाने म्हणतोय, पण हिशोब करून म्हणतोय. हिशोब खाली देतो, तुम्हीच तपासा.

काम करता येत नाही म्हणजे काय

माझ्या कागदावर 'बायपोलर, सायकोटिक लक्षणांसह' असं लिहिलेलं आहे. चाकणला एका ठेकेदाराकडे असेंब्ली लाइनवर होतो. वीस महिने काम केलं. शेवटच्या महिन्यात मी सलग चार रात्री झोपलो नाही आणि मला वाटायला लागलं की लाइनवरच्या प्रत्येक पार्टमधून माझ्यासाठी निरोप येतोय. सुपरवायझरने गेटबाहेर काढलं. त्याचंही काय चुकलं? मी चालू मशीनमध्ये हात घालायला निघालो होतो.

त्यानंतर उतरण लागली. ती या आजारात लागतेच. चढणीचे दोन-तीन आठवडे असतात आणि उतरणीचे महिने. उतरणीत मी अंथरुणात पडून असतो. दात घासायचे म्हटलं तरी ब्रश, पेस्ट, पाणी, नळ या चार गोष्टींची साखळी डोक्यात जुळत नाही. औषधं सुरू झाल्यावर आवाज गेले, पण हात थरथरायला लागले आणि सकाळचे अकरा वाजेपर्यंत डोकं ओल्या पोत्यासारखं जड राहतं.

आमच्याकडे काम म्हणजे शेत. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणी असते, तिची मजुरी किलोवर मिळते. सकाळी लवकर निघावं लागतं, थंड वेळेत बोटं भराभर चालवावी लागतात. मी गेलो होतो. माझ्या माईने दुपारपर्यंत जेवढं वेचलं त्याच्या पावही माझं भरलं नाही आणि दुसऱ्या दिवशी उठता आलं नाही. मुकादमाने तिसऱ्या दिवशी मला बोलावलंच नाही. मला हात आहेत, पाय आहेत, बी.ए.ची डिग्री आहे. तरी मला काम करता येत नाही. मला काम मिळत नाही असं मी म्हणत नाहीये, करता येत नाही असं म्हणतोय. हा फरक ज्याला कळला त्याला पुढचं सगळं कळेल.

तुम्ही म्हणाल, काम होत नाही तर एवढा मोठा लेख कसा लिहिलास? बरोबर प्रश्न आहे. हा लेख मी अकरा आठवडे लिहितोय, मोबाइलवर, जमेल त्या दिवशी. मधे पाच आठवडे एक ओळसुद्धा झाली नाही. अकरा आठवड्यांत एक लेख, या वेगाने कामावर ठेवणारा मालक तुमच्या ओळखीत असेल तर मला जरूर कळवा.

आजार एकच, भाव तीन

आता कायद्याकडे येतो. आपल्या देशात या आजाराचे तीन वेगवेगळे भाव आहेत, आणि तुम्ही कुठे नोकरीला होता यावर तुमचा भाव ठरतो.

पहिला भाव सरकारी नोकराचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20 नुसार नोकरीत असताना कुणाला दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्याला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगाराचं दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. मानसिक आजार या कायद्याच्या यादीत आहे. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात निकाल दिला. ते केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. त्यांना मानसिक आजार होता आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती. मानसिक आजार असलेल्या माणसाला इतरांच्याच मापाने मोजून शिक्षा करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असं न्यायालयाने मान्य केलं. चांगला निकाल आहे. मी त्याच्या विरोधात नाही.

दुसरा भाव कारखान्यातल्या विमाधारक कामगाराचा. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ईएसआय कापला जातो, 0.75 टक्के. मालक 3.25 टक्के भरतो. त्याच्या बदल्यात आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. शिवाय 34 दीर्घ आजारांची एक यादी आहे, त्यात क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबर सायकोसिसही आहे. त्या आजारांसाठी 80 टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अट अशी की त्याआधी दोन वर्षं सलग विम्यात असायला हवं.

मी वीस महिने भरले होते. चार महिने कमी पडले. साधे 91 दिवस मात्र मला मिळू शकले असते. ते मी मागितले नाहीत, कारण असं काही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्या दिवसांत फॉर्म भरणं तर सोडाच, माझं पूर्ण नाव सांगायलाही मला वेळ लागत होता. तुमच्यापैकी जे आज चाकण, रांजणगाव, वाळूजला ठेकेदाराकडे आहेत त्यांनी पगाराची स्लिप काढून बघा. ईएसआय कापला जात असेल तर आपला विमा क्रमांक घरच्या एका माणसाला देऊन ठेवा. आजारी पडल्यावर तो तुम्हाला आठवणार नाही.

तिसरा भाव उरलेल्या सगळ्यांचा: शेतमजूर, ऊसतोड कामगार, हॉटेलात भांडी घासणारा, घरकाम करणारी बाई, शिकत असतानाच आजारी पडलेला पोरगा. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. 1980 पासून चालू आहे. रक्कम वर्षानुवर्षं 600 होती, मग 1000 झाली, 2023 मध्ये 1500 झाली आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2500. ही शेवटची वाढ आपोआप झालेली नाही. त्यासाठी त्याच वर्षी जूनमध्ये बच्चू कडू यांना मोझरीला उपोषणाला बसावं लागलं होतं.

2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये आहे. म्हणजे 2500 रुपये ही आठ दिवसांची मजुरी झाली. महिन्याचे उरलेले बावीस दिवस मी काय खायचं, ते सरकार सांगत नाही. ते बाबा आणि माय सांगतात, स्वतः राबून.

तेच मेंदूतलं रसायन, त्याच गोळ्या, त्याच रात्री. एकाला पूर्ण पगार, दुसऱ्याला दोन वर्षं 80 टक्के, तिसऱ्याला आठ दिवसांची मजुरी. पहिल्या दोघांच्या बाबतीत राज्याने मान्य केलंय की हा आजार माणसाला कामापासून तोडतो. तिसऱ्याकडे आलं की तोच आजार दयेचा विषय होतो. मला हे कुणीतरी समजावून सांगावं.

पहिलं दार: प्रमाणपत्र

या 2500 रुपयांपर्यंत पोचायला दोन दारं आहेत. पहिलं दिव्यांग प्रमाणपत्राचं. जून 2021 पासून ते ऑनलाइन यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळतं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं.

पाय नसेल तर तो मोजता येतो. मन कसं मोजतात? त्यासाठी 'आयडियाज' नावाची एक मोजपट्टी आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2002 मध्ये ती तयार केली. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे, एक ते चार. जितका काळ आजार, तितके गुण जास्त. एकूण वीस.

मोजपट्टी वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट ती नसती तर 'दिसायला तर बरा दिसतो' एवढ्यावरच निकाल लागला असता. प्रश्न ती लावतात कशी, हा आहे. बोर्ड जिथे बसतं त्या गावाचं आणि दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही. बाहेर दीडशे माणसांची रांग, आत एक मानसोपचारतज्ज्ञ. माझ्या वाट्याला सात-आठ मिनिटं आली.

पहिल्या वेळी, 2024 च्या फेब्रुवारीत, जाताना माईने मला आंघोळ घातली, शर्टला इस्त्री करून आणली, केसांना तेल लावलं. साहेबांपुढे जायचं म्हणजे नीट जावं, एवढंच तिला माहीत. डॉक्टरांनी विचारलं, "आंघोळ करता का?" मी म्हणालो, "करतो." "जेवता?" "जेवतो." "लोकांशी बोलता?" "बोलतो." खोटं काहीच नव्हतं. त्या दिवशी मी आंघोळ केली होती, जेवलो होतो आणि डॉक्टरांशी बोलतच होतो. शिवाय आपण वेडे नाही हे दाखवायची एक सवय लागलेली असते. गेलं दीड वर्ष मी गावात तेवढंच तर करत होतो. टक्के चाळीसच्या आत आले. अर्ज तिथेच संपला.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो. या वेळी माय बरोबर आत आली. तिच्या हातात कालनिर्णय होतं. ती दुसरीपर्यंत शिकलेली आहे. पण मी ज्या दिवशी उठलो नाही त्या दिवसावर ती पेनाने फुली मारायची, आणि ज्या रात्री झोपलो नाही त्या रात्रीवर गोल काढायची. का मारायची विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर पुसतात ना, मागच्या महिन्यात कसं होतं म्हणून. ध्यानात कुठं राहतंय." डॉक्टरांनी ती पानं उलटली. जुलैमध्ये तेवीस फुल्या होत्या. ते एकदम गप्प झाले आणि पुढचे प्रश्न त्यांनी मला न विचारता माईला विचारले. या वेळी टक्के चाळीसच्या वर गेले.

फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत माझा आजार वाढला नव्हता. आजाराचं वय वाढलं होतं आणि पुरावा हातात आला होता. आता विचार करा, ज्याच्या घरी फुली मारणारी माय नाही त्याचं काय? जो एकटा राहतो, जिला नवऱ्याने माहेरी आणून टाकलंय, जो बसस्टँडवर झोपतो, त्याचं कॅलेंडर कोण ठेवणार? ज्याचा आजार सगळ्यात मोठा, त्याच्याजवळ पुरावा सगळ्यात कमी.

पुराव्याचा पहिला तुकडा म्हणजे उपचाराची चिठ्ठी, तिचीच मारामार. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. महाराष्ट्रातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. इस्लापूरहून नांदेड शंभरेक किलोमीटर. दर महिन्याला दोघांचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी घालून गोळ्या आणायच्या, हे किती घरांना जमेल? म्हणून लोक आधी जवळच्याकडे जातात. भानामती काढणारा जवळ असतो, मानसोपचारतज्ज्ञ लांब. मलाही दोन ठिकाणी नेलं होतं. त्याची चिठ्ठी मिळत नाही आणि बोर्ड ती धरतही नाही.

दुसरं दार: निराधार

प्रमाणपत्र मिळालं की तहसीलचं दार. तिथे तुमचा आजार बाजूला राहतो आणि गरिबी मोजली जाते. या योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे.

पुन्हा हिशोब करू. 312 रुपयांच्या दराने घरातल्या दोघांनी वर्षाला प्रत्येकी 81 दिवस काम केलं की 50,544 रुपये होतात. मर्यादा ओलांडली. म्हणजे आजारी पोराला पैसे मिळावेत म्हणून त्याच्या आईबापांनी वर्षातले 285 दिवस रिकामं बसायला हवं. असं कुणी बसत नाही, म्हणून सगळे कमी उत्पन्नाचा दाखला काढतात, आणि सगळ्यांना ते माहीत असतं. प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावायचं आणि मग 'हे लोक खोटे असतात' म्हणायचं, अशी ही व्यवस्था.

जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, म्हणजे पाचपट. बहिणींना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे, माझ्या चुलत बहिणीला मिळतात. पण धडधाकट बाईच्या घराला अडीच लाख चालतात आणि ज्या घरात एक माणूस कायमचा आजारी आहे, औषधं आहेत, प्रवास आहे, त्या घराला 50,000 च्या वर एक रुपया चालत नाही, यामागे कोणता विचार आहे? मला एकच दिसतो. मतदार म्हणून आमची संख्या कमी आहे आणि आम्ही सभेला येत नाही.

कायदा काय म्हणतो बघा. 2016 च्या त्याच अधिनियमाच्या कलम 24 मध्ये स्पष्ट लिहिलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत, तशाच योजनांतल्या इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असायला हवी. हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. तरी ऑक्टोबर 2025 पर्यंत एकाच संजय गांधी योजनेत दिव्यांगाला आणि इतर निराधाराला तीच रक्कम मिळत होती, 1500 ला 1500. त्या 1500 चे 25 टक्के 375 होतात. महिन्याला 375 रुपये देणं कायद्याने भाग होतं, ते वर्षानुवर्षं दिलं नाही. आता 2500 केले म्हणून आभार मानायचे की आधीची बाकी मागायची?

त्याच कलमात दोन वर्षं नाव नोंदवूनही काम न मिळालेल्या दिव्यांगांसाठी बेकारी भत्ता आहे आणि जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ताही आहे. माझी काळजीवाहक म्हणजे माय. तिच्या बुडालेल्या मजुरीचा एक रुपया मी अजून पाहिलेला नाही.

केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाची तर गोष्टच वेगळी. त्याला 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, आणि रक्कम 300 रुपये. 2012 पासून 300. तेव्हा तुम्ही कितवीत होता ते आठवा.

आणि तो शब्द, निराधार. मला आधार आहे. माय आहे, बाबा आहेत, टपरीवर टोमणा मारणारा मित्रसुद्धा आहे. पैसे हवे असतील तर मला लिहून द्यावं लागतं की मला कुणी नाही. बाबांनी त्या फॉर्मवर सही करायला चार दिवस लावले. म्हणाले, "मी जिता असताना माझं लेकरू निराधार कसं बे?" त्यांना उत्तर देता आलं नाही. कलम 24 मध्ये 'सामाजिक सुरक्षा' असा शब्द आहे. तो वापरायला कुणाच्या खिशातून काय जाणार आहे?

'पण खोटे लोक घुसतात'

हे खरंच होतं. 2024 मध्ये एका परिविक्षाधीन आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. त्या दाखल्यांत मानसिक आजारही होता. खोटे दाखले काढणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. माझ्याइतकं कुणालाच ते वाटत नसेल, कारण त्या बातमीनंतर माझ्याकडे बघण्याची लोकांची नजर बदलली. पण खोटा दाखला कोण काढतं ते बघा. ज्याला त्यातून नोकरी, बढती, जागा मिळणार आहे तो. महिन्याला आठ दिवसांच्या मजुरीसाठी गावभर 'वेडा' म्हणवून घ्यायला, लग्न मोडून घ्यायला, दरवर्षी हयातीचा दाखला घेऊन 'मी अजून जिवंत आहे' हे सिद्ध करायला कोण तयार होईल? आमच्या गावात या शब्दाची किंमत 2500 पेक्षा फार जास्त आहे.

संशय फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये 2017 साली सरकारने दिव्यांग भत्त्याचा नियम बदलला. मानसिक त्रासामुळे घराबाहेर एकट्याने जाता येत नसेल तर कमी गुण, दुसऱ्या कारणाने जाता येत नसेल तर जास्त. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा नियम भेदभाव करणारा ठरवला. सरकारने अपील केलं नाही आणि सुमारे 16 लाख प्रकरणं पुन्हा तपासायचं जाहीर केलं. तिथेही मनाच्या आजाराला कमीच मोजत होते. फरक एवढाच, की तिथे माणसं कोर्टात गेली.

'पण कामाने माणूस बरा होतो'

हेही खरं आहे, आणि हे मी मान्य करतो. मला काम हवंय. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने मी एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारचे तीन तास बसत होतो. त्या दोन महिन्यांत माईच्या कॅलेंडरवर चारच फुल्या आहेत. पण रोज भीती असायची की कुणी बघेल आणि तहसीलला सांगेल की हा काम करतो. मग पैसे बंद, आणि उतरण लागली की पुन्हा बोर्ड, पुन्हा रांग, पुन्हा इस्त्रीचा शर्ट. म्हणून मी हिशोबात नाव लिहू दिलं नाही. मालकाने दिले तेवढे घेतले. जी व्यवस्था आजारी माणसाला बरं होऊन बघायची भीती घालते, ती काम करण्याच्या बाजूची कशी?

हा आजार चढतो, उतरतो. त्याला मदत करायची तर मदतही त्याच चालीने चालायला हवी. काम सुरू केलं तर वर्षभर पैसे चालू राहावेत आणि पुन्हा पडलो तर नवा अर्ज न करता सुरू व्हावेत. उत्पन्नाची मर्यादा निदान लाडक्या बहिणीएवढी व्हावी. बोर्डाने महिन्यातून एकदा तालुक्याला यावं आणि एका दिवसाचा चेहरा न बघता दोन वर्षांचं कॅलेंडर बघावं. कलम 24 मधले 25 टक्के आणि काळजीवाहकाचा भत्ता मिळावा. यातलं काहीही मी नवीन मागत नाहीये. निम्मं तर कायद्यात छापून पडलंय.

एक शेवटचा हिशोब. आमच्या भागात कर्जाने पिचलेला शेतकरी जीव देतो तेव्हा अधिकारी येतात, पंचनामा होतो, समिती बसते आणि तो 'पात्र' ठरला तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. 2006 पासूनचा नियम आहे. त्या माणसाच्या शेवटच्या वर्षाचं कॅलेंडर कुणी ठेवलं असतं तर त्यातही फुल्या दिसल्या असत्या. तेव्हा तो कुठल्या दारात गेला असता? सातबारा आहे, म्हणून निराधार नाही. चिठ्ठी नाही, म्हणून आजारी नाही. मेल्यावर पात्रता तपासायला जी यंत्रणा घरी येते, ती जिवंतपणी एकदा येऊ शकत नाही का?

तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढं करा. प्रत्येक चिठ्ठी, गोळ्यांचं प्रत्येक बिल एका पिशवीत ठेवा. कॅलेंडरवर फुली मारा. बोर्डापुढे चांगला दिवस सांगू नका, वाईट दिवस सांगा, आणि ज्याने तो पाहिलाय त्याला आत न्या. टक्के कमी आले तर कलम 59 खाली अपील करता येतं, ते करा. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उठून त्याचा हिशोब विचारा. आणि रात्र फारच जड झाली तर 14416 लावा. टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी दोनदा लावलाय.

माझं प्रमाणपत्र मुदतीचं आहे. संपेल तेव्हा पुन्हा जायचं आहे. या वर्षीचं कालनिर्णय भिंतीवर लागलंय आणि त्यावर फुल्या पडायला लागल्या आहेत. मागची तीन माईने रद्दीत दिली नाहीत, पेटीत ठेवली आहेत. मित्राने पुन्हा कधी सर्टिफिकेट काढून दे म्हटलं, तर मी त्याला घरी आणणार आहे आणि पेटी उघडून दाखवणार आहे. त्यातला कुठलाही एक महिना त्याने निवडावा आणि घेऊन जावा. 2500 रुपये वर मी देतो.